आईच्या पेटीतलं कापड

हरारे, २ सप्टेंबर १९८९

ती. एस्नाथ आत्याबाईंस नेत्साईचा सा. न.

आत्याबाई, आधी खाली बसा, मग वाचा! जिने कोळशाने तुमच्या सैपाकघराच्या भिंती रंगवून तुमचा मार खाल्ला, तिच्या एकटीच्या चित्रांचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात इथे भरतंय. इतकी वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्याचं चीज झालं. आमंत्रणावर आईचंच चित्र छापलंय, कुदळ खांद्यावर टाकून शेताकडे निघालेली. कॅनव्हास परवडत नव्हता, तेव्हा आईने स्वतःचं कमरेचं कापड सोडून दिलं होतं, त्यावरच काढलेलं. ते मी तिच्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलंय. पहिल्या बसने पाठवा. ते आलं नाही तर मधली भिंत रिकामी राहील.

लोभ आहेच, तो कापडासकट पोचू दे.

तुमची नेत्साई


मुरेवा, ९ सप्टेंबर

चि. नेत्साईस अ. आ.

देवाची केवढी कृपा! गुरुवारच्या प्रार्थनेत तुझी बातमी सांगितली, तर चर्चच्या महिला मंडळातल्या सगळ्या लाल पोलक्यावाल्या उठून नाचल्या.

पण पोरी, पेटी रिकामी आहे. जुलैत तुझ्या आईच्या मागे तिचे कपडे नातलगांत वाटायला सगळे जमले, तेव्हा तू तापाने हरारेतच अडकलीस. पेटीतलं सगळं गेलेलीचंच, असं धरून वाटपाचा मान असलेल्या भाच्याने एकेक उचलून दिलं. ते कापड सारुदझाई मावशीला गेलं, पाठच्या बहिणीला, रीतीप्रमाणेच. वाटलेलं परत मागायचं म्हणजे तुझ्या आईच्या हातून हिसकावून घेणं.

तरी मी गेले. नवी घोंगडी देऊ केली, अंड्यावरची कोंबडी देऊ केली. ती म्हणते, कोंबडी तुझ्याकडेच ठेव, पाहुणे आले की लागेल. बहिणीचं आहे, अंगावरून उतरणार नाही. सकाळच्या गारव्यात तेच पांघरून बियाण्याचे भुईमूग सोलत बसली होती. हसावं की रडावं कळेना. देवाचं नाव घेत निघाले, अर्ध्या वाटेत सुचलं, तशी माघारी वळले. म्हटलं, कापड उतरवू नकोस बाई, तूच जा. ती इतकी हरखली की मांडीवरचे भुईमूग सांडले!

प्रदर्शनाच्या सकाळी तिला बसमध्ये बसवते. मी येत नाही. एका कामाला दोन तिकिटं कशाला? तिला मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा पोटभर घाल, नाहीतर जन्मभर ऐकावं लागेल.

माया असू दे, प्रार्थना चुकवू नकोस.

तुझी आत्या


हरारे, ८ ऑक्टोबर

ती. आत्याबाईंस सा. न.

काय सांगू! मधली भिंत मोकळी ठेवली, खाली एक खुर्ची. मावशी कापड पांघरून राणीसारखी बसली, पण लोकांकडे तोंड करून. पाहुण्यांकडे पाठ करायची नाही म्हणे! चित्र खुर्चीला टेकलेलं, कुणालाच दिसेना. वळ म्हणून सांगायची माझी काय टाप?

तेवढ्यात एका बड्या साहेबांनी आमंत्रणावर बोट ठेवून हे विकत मिळेल का, असं विचारलं. मावशी म्हणाली, मिळेल, पण मलाही न्यावं लागेल, आणि मला दोन वेळा साद्झा लागतो. सगळे हसले. साद्झाचं नाव निघालं नि तिला भूक आठवली. उठली, वळली, दाराकडे निघाली.

हसणं थांबलं. तिच्या पाठीवर आई होती, खांद्यावर कुदळ घेतलेली. मावशी चालली, तशी आई चालू लागली. आत्याबाई, लोकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. मीही दिली.

तुमचं एखादं वापरलेलं कापड पाठवा. रंगवून परत पाठवीन, पेटीत मात्र ठेवायचं नाही, अंगावर घ्यायचं.

तुमच्या मायेची भुकेली,
नेत्साई