गेटावरची भाऊबीज

माजलगाव
ता. २ नोव्हेंबर २००३

चि. वैजिनाथ यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला तू आला नाहीस, गुडघ्यांचं निमित्त सांगितलंस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र.

तुझा भारत रोज कारखान्यावर जातो आणि गेटावरूनच परत येतो. कारखाना चालवायला घेतलेल्या कंपनीनं सांगितलंय, दुष्काळ आहे, ऊस नाही, हंगामी कामगारांनी यंदा यायचं नाही. जे थोडं गाळप होईल ते ठेकेदाराची माणसं करतील. यंदा नाव तुटलं तर पुन्हा लागायचं नाही, अशी सगळ्यांना धास्ती आहे. जेवायला बोलावलं तर भारत 'भूक न्हाई आत्या' म्हणतो. खोटं बोलण्यात तुझ्यावर गेलाय.

त्याच्या जोडीचे लोक विचारतात, अध्यक्ष येऊन बसतील का, शहाऐंशीसारखे? तुझे दाजी ऐकत होते. नुसते सुपारी कातरत राहिले.

पत्राची वाट बघते.
तुझी अक्का,
गंगासागर

*

चौसाळा
ता. ९ नोव्हेंबर

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

शहाऐंशीचं नाव काढलंस आणि मी दिवसभर कामाचा राहिलो नाही. तेव्हाही असाच दुष्काळ. दाजी चेअरमन, मी युनियनचा अध्यक्ष. हंगामींना कामावर घ्या म्हणून मी गेटावर उपोषणाला बसलो आणि ऐन भाऊबीजेला दाजींनी तुला ताट देऊन पाठवलं. बहिणीच्या हातचा घास भाऊ टाळणार नाही, उपोषण आपोआप सुटेल, हा त्यांचा डाव. तू ओवाळलंस, ताट बाजूला सारलंस आणि 'आता दोघंबी उपाशी ऱ्हाऊ' म्हणत माझ्या शेजारी फतकल मारून बसलीस. वसाहतीतल्या बायका हसून हसून बेजार!

संध्याकाळपर्यंत दाजींनी सरकारी कामगार अधिकाऱ्याला बोलावून घेतलं, पाळीपाळीनं सगळ्यांना काम द्यायचं कबूल केलं. मला पहिला घास भरवताना कानात एक सणसणीत शिवी दिली. इतक्या मायेनं पुन्हा कुणी शिवी दिली नाही, अक्का. ते दिवस लई आठवतात.

पण आता बसून काय करू? तेव्हा मी उपाशी राहिलो की दाजींच्या घरात चूल पेटत नव्हती. या कंपनीचा मालक कोण, हे भारतलाही ठाऊक नाही. त्यात मला साखरेचा आजार, डॉक्टर एका वेळचं जेवण चुकवू देत नाहीत. भारतला इकडे पाठवून दे. हमरस्त्यावरच्या एखाद्या धाब्यावर चिकटवून देतो. हे लिहिताना बरं वाटत नाही.

दाजींना नमस्कार सांग आणि माझ्यावर राग धरू नकोस.
तुझा,
वैजिनाथ

*

कारखाना गेट
ता. १४ नोव्हेंबर

रा. रा. वैजिनाथराव, माजी अध्यक्ष, कामगार युनियन यांस महारुद्रचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र तुमच्या अक्कानं मला वाचून दाखवलं. शिवीची आठवण येते म्हणता, पण ती काही पत्रात लिहिता येत नाही. समक्ष देईन.

भारतला पाठवलेलं नाही. तो माझ्या शेजारीच बसलाय. कालपासून मी गेटावर उपोषणाला बसलोय. पहारेकरी हटकायला आला, कोण तुम्ही म्हणाला. चेअरमन होतो म्हणायला जीभ उचलेना. कामगारांपैकी आहे म्हणालो. हसू नका. तहसीलदार नमस्कार करून गेले. कामगार अधिकाऱ्यांनी कंपनीच्या माणसांना सोमवारी बोलावलंय. येतील की नाही, देव जाणे. तुमच्या अक्कानंही कालपासून चूल पेटवलेली नाही. तिची खोड तुम्हाला माहीतच आहे.

एकच अडचण आहे. या पोरांना घोषणा येत नाहीत. त्यांनी कधी युनियनच पाहिली नाही. मलाच ओरडावं लागतं, आणि मला येतात त्या सगळ्या घोषणा तुमच्याच, माझ्याविरुद्धच्या. काल दिवसभर 'महारुद्र चेअरमन मुर्दाबाद' मीच सांगत होतो आणि भारत मान खाली घालून मागून म्हणत होता.

पत्र चौसाळ्यावरून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे देतोय. उपाशी राहू नका, पोटभर जेवून या, गोळी घेऊन या, पण या. या वयात मला मुर्दाबाद म्हणायला घरचं माणूस पाहिजे.

तुमचे दाजी