चौदा महिन्यांचं ‘राहू दे’

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घ्यावा, खाली वाकले तर उठवायला दोन माणसं लागतात.) तुझी पाठ काय म्हणते? भावोजींचा खोकला थांबला का, की अजून तू दिसलीस की मुद्दाम मोठ्यानं खोकतात? मी ठणठणीत आहे. खरं सांगायचं तर गुरुवारपासून माझे पाय जमिनीवर नाहीत, आणि का नाहीत ते सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या चिरंजीवांचा विषय काढला की तू ‘गॅसवर दूध आहे’ म्हणून फोन ठेवतेस. गेल्या चौदा महिन्यांत तुझ्याकडे जेवढं दूध उतू गेलंय तेवढं एखाद्या डेअरीतही येत नसेल. पत्रात ही सोय नाही. मध्येच ठेवलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

तर मुख्य बातमी आधी सांगते, म्हणजे तू धीरानं वाचशील. आपण जिंकलो! आपण म्हणजे तुझा मुलगा, त्याचा भागीदार आणि मी. (हो, मी. भुवया खाली घे.)

मुलानं बँकेतली कायमची नोकरी सोडली आणि मित्राबरोबर कंपनी काढली, हे तुला माहीत आहे. त्यावरून तर सगळं रामायण झालं. पण ती कंपनी करते काय, हे तू कधी ऐकूनच घेतलं नाहीस. ते मोबाइलसाठी मदतनीस बनवतात. म्हणजे फोनमध्येच बसलेला एक शहाणा मदतनीस. तुम्ही बोलायचं आणि त्यानं काम करायचं. त्याचं नाव ‘हजर’. ऑफिस म्हणजे दाताच्या डॉक्टरच्या वरच्या दोन खोल्या. भागीदाराला मी ‘मौनी’ म्हणते, कारण तो दिवसाला मोजून चार शब्द बोलतो आणि मशीनला बोलायला शिकवण्याचं खातं नेमकं त्याच्याचकडे. खाली दात कोरण्याचं यंत्र सुरू झालं की सुरुवातीला ‘हजर’ घाबरून ‘पुन्हा एकदा बोलाल का?’ म्हणायचा. मौनी त्याच्यापेक्षा जास्त घाबरायचा.

मी यात कशी शिरले? तुझ्यामुळे. ‘मी काही त्याची चौकशी करत नाहीये, पण तो बारीक झालाय का तेवढं बघून ये,’ असं तूच म्हणाली होतीस. (झाला होता. आता भरलाय.) मी डबा घेऊन गेले, तर चिरंजीव फोनसमोर ताठ बसून म्हणत होते, ‘कृपया उद्या सकाळी सहा वाजताचा गजर निश्चित करावा.’ मला हसू आवरेना. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून मी लोकांचं बोलणं ऐकलं. असं बोलणारा एकही माणूस मला भेटला नाही. माणूस म्हणतो, ‘उद्या लवकर उठायला पाहिजे बाबा,’ आणि गजर आपण समजून लावायचा असतो. ‘बघतो’ म्हणाला म्हणजे करणार नाही. ‘निघालोच’ म्हणाला म्हणजे अजून आंघोळ व्हायची आहे. मी हे सहज म्हणून सांगत होते, आणि मौनी उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘मावशी, रोज या.’ एका दमात तीन शब्द! दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीची संभाषण सल्लागार. तसं कार्ड छापलंय. तुला पाठवलं होतं, तू ते कपाटातल्या कागदाखाली सरकवलं असशील.

मग मी वह्याच्या वह्या भरल्या. माणसं चिडल्यावर काय म्हणतात, विसरल्यावर काय, लाजताना काय. रागावलेल्या आईची वाक्यं मागितली तेव्हा मी आठवायचे कष्ट घेतले नाहीत, तुझीच दिली. एकशे बारा भरली. मौनीनं ती मशीनला शिकवली आणि मशीन दोन दिवस अदबीनं वागत होतं.

पण ‘हजर’ची खरी करामत वेगळीच आहे, आणि ती नीट ध्यानात घे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तो सवयी ओळखतो. तुझा मुलगा रोज सहाचा गजर लावायचा आणि वाजला की ‘अजून दहा मिनिटं’ असं चार वेळा म्हणायचा. महिन्याभरात ‘हजर’ त्याला आपणहून सहा चाळीसला उठवू लागला. कोणी सांगितलं नव्हतं! ज्याच्या फोनमध्ये तो राहतो, त्याच्या खोडी शिकतो.

आता गुरुवार. मोठ्या सभागृहात ‘हजर’ पहिल्यांदा लोकांसमोर येणार होता. दीडशे खुर्च्या, कॅमेरेवाले, आणि पहिल्या रांगेत एका मोबाइल कंपनीच्या मोठ्या बाई. त्यांना पसंत पडलं तर त्यांच्या प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘हजर’, नाही तर दोन खोल्यांना कुलूप आणि तुझा मुलगा पुन्हा कुठल्या तरी बँकेच्या दारात, इतकं ते सरळ होतं. त्यानं निळा सदरा घातला होता, तू घेतलेला. कॉलरचं बटण त्याला लावता येईना. मीच लावलं.

दाखवण्यासाठी एक खास फोन तयार होता. त्यात एका काल्पनिक गृहस्थाच्या सवयी भरून ठेवल्या होत्या. सज्जन माणूस, पहाटे उठून पळणारा. आणि ऐनवेळी तो फोन बंद! मी चहासाठी विजेची किटली लावायला म्हणून चार्जरची पिन काढली होती, आणि परत लावायची विसरले. तुझा मुलगा माझ्याकडे नुसता बघत राहिला, काही बोलला नाही. (हे वळण मात्र तुझंच.) मौनीनं कपाळाला हात लावला. शेवटी नाइलाजानं मुलानं स्वतःचा फोन काढला आणि मंचावरच्या लाउडस्पीकरला जोडला.

सुरुवात झकास झाली. हवामान, भेटीगाठी, बिलांची आठवण, सगळं कसं तुकतुकीत. टाळ्याही पडल्या, पण लग्नात भाषण संपल्यावर पडतात तशा. मोठ्या बाई मंचावर आल्या. समोर प्रश्नांचं कार्ड ठेवलेलं होतं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाल्या, ‘आईला फोन लाव.’

आणि ‘हजर’ त्या स्पीकरवरून, साऱ्या सभागृहात, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘लावू? की नेहमीसारखं राहू दे?’

ताई, मी तुझ्या मुलाकडे बघितलं, तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तू त्याला ‘आता मला फोन करू नकोस’ म्हणाली होतीस ना? जन्मात पहिल्यांदा त्यानं तुझं ऐकलं, आणि नको तिथे ऐकलं. पण रोज जेवायच्या सुट्टीत तो गॅलरीत जाऊन म्हणायचा, ‘आईला फोन लाव,’ आणि नंबर लागायच्या आत, ‘राहू दे.’ चौदा महिने. आम्हा कोणाला त्यानं कळू दिलं नाही. ते बिचारं यंत्र ऐकत होतं आणि त्याला वाटलं, आईला फोन लावायचा म्हणजे अशीच रीत असते.

बाईंना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. हसून म्हणाल्या, ‘नको, आज लाव.’

आणि त्यानं लावला. तुला. गुरुवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी.

आता तुला आठवलं असेल. तुझ्या फोनवर त्याचं नाव आलं आणि तू विचार न करता उचललास. पलीकडून कोणी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, ‘काय रे, बरा आहेस ना? जेवलास का?’ मग तुला आठवलं की आपण अबोला धरलाय, आणि तू खट्कन फोन ठेवलास. (गॅसवर दूध असणार.) ताई, ते दीडशे माणसांनी ऐकलं. स्पीकर चांगला होता.

बाईंनी हळूच विचारलं, ‘कोण होत्या?’ ‘आई,’ तो म्हणाला, आणि कॉलरचं बटण चाचपू लागला. तेव्हा मौनी उठला. तोच मौनी! सभागृहाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, ‘चौदा महिन्यांनी बोलल्या.’ आणि मग टाळ्या. आधीच्या टाळ्यांची यांच्यापुढे काय बिशाद? माणसं उभी राहिली. कॅमेरेवाला एका हातानं डोळे पुसत होता, त्यामुळे चित्रीकरण हललंय आणि माझा अर्धा कानच तेवढा आलाय. मी तर हमसून हमसून रडले आणि तुझी बहीण म्हणून अनोळखी लोकांशी हात मिळवले.

मोठ्या बाई मंचावरून उतरल्या, स्वतःचा फोन काढला आणि गॅलरीत गेल्या. अकरा मिनिटं कार्यक्रम थांबला होता. परत आल्या तेव्हा नाक लाल. म्हणाल्या, हवामान सांगणारी यंत्रं मी छप्पन्न बघितली, मालकाच्या मनात काय अडकलंय ते ओळखणारं हे पहिलंच. मंगळवारी करार आहे. त्यांच्या प्रत्येक नव्या फोनमध्ये आता तुझ्या मुलाचा ‘हजर’ राहणार. वर खास अट घातलीये की ‘नेहमीसारखं राहू दे?’ हा प्रश्न काढायचा नाही. चूक होती ती, ताई! चुकीला मखरात बसवलं!

तर असा विजय झाला, आणि तो तुझ्या सात शब्दांनी झाला. बोलणार नाही म्हणून बसली होतीस आणि दीडशे माणसांसमोर बोललीस. आता अबोला चालू आहे असं कोणाला सांगायला जाऊ नकोस, हसतील.

भावोजींना नमस्कार, शेजारच्या छोटीला पापा, आणि तुझ्या पाठीला शेक.

तुझी धाकटी
(संभाषण सल्लागार)

ता. क. गुरुवारपासून तो नऊ वेळा ‘आईला फोन लाव’ म्हणालाय आणि नऊही वेळा ‘राहू दे’. आता तर त्याला जास्तच लाज वाटते. तेव्हा फोन तूच करायचास. मंगळवारी, कराराच्या आधी, सकाळी दहाला. ‘जेवलास का’ एवढंच म्हण, पुढचं आपोआप होतं.

आणखी एक. ते किटलीचं खोटं आहे. चहा सभागृहवाल्यांकडूनच होता. पिन मी काढली. प्रश्नांचं कार्डही माझ्याच अक्षरातलं. गॅलरीतलं ‘राहू दे’ मी फार आधीच ऐकलं होतं. तू फोन उचलशील असं वाटलं म्हणून केलं. उचलला नसतास तर पोराची कंपनी मी माझ्या हातांनी बुडवली असती, आणि हे मी त्याला मेले तरी सांगणार नाही, तूही सांगू नकोस. पण चौतीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडल्या आणि घरातली एक जोडता येऊ नये, हे काही मला सहन होईना.

शेवटचं. मंगळवारी तुम्ही दोघं बोलत असाल तेव्हा मी बाजूच्या खोलीत असेन. दार लावून घेईन. ऐकणार नाही. (ऐकेन.)