डागांसकट शाबूत

मी, ममता रतिलाल पाटील, वय ४९, मूळ गाव कळसाडी, हल्ली राहणार शहादा, एस.टी.ची माजी वाहक, आज हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते सिद्ध करावे लागते, कारण माझ्या मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके आहेत. आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. त्यात शरीर स्वतःच्याच नसांवरचे आवरण कुरतडते. माझे पाय गेले, डावा डोळा अधू झाला. डोके आणि जीभ मात्र पूर्वीसारखीच चालते. डॉ. नवनीत चौधरी यांनी आज मला तपासून तसा दाखला दिला आहे. तो सोबत जोडला आहे.

१. वारस. नवऱ्याशी काडीमोड होऊन जमाना झाला, मूलबाळ नाही, आईवडील गेले. वारस एकच, धाकटा भाऊ भूपेंद्र. मागे घराचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुन्हा मेंदूवर डाग शेतस. तुन्ही सहीले कोर्टात कोन इचारस?" वडिलांच्या शेताचे हक्कसोडपत्र मी केले तेव्हाही डाग होतेच, आणि भूपेंद्रच मला धरून कचेरीच्या पायऱ्या चढवत होता. त्या सहीला कोणी एमआरआय लावला नाही. शेत सोडताना शहाणी आणि घर देताना वेडी, असे चालणार नाही.

२. घर. शहाद्याचे दोन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते शेजारीण महजबीन शेख हिला द्यावे. ती मला रोज उठवते, पायांचा व्यायाम करून घेते, आणि मी चिडले की माझ्याहून मोठ्याने ओरडते. रक्ताचे नाते काढणाऱ्यांनी आधी मला एकदा खाटेवरून खुर्चीत बसवून दाखवावे.

३. मेंदू. सुरतेच्या ज्या रुग्णालयात माझे उपचार चालतात, तिथे आमच्यासारख्यांचा दरवर्षी एमआरआय काढतात, चालायला लावतात, आणि फोटो व चालणे यांचा मेळ घालतात. माझा मेळ बसत नाही. ठिपके थोडे, अधूपणा फार. अपंगत्वाचा दाखला देणारे एक साहेब एमआरआयची पट्टी, म्हणजे फिल्म, बघून म्हणाले होते, "एवढ्याशा ठिपक्यांनी पाय जातात होय?" नोकरीतही काहीजण मला नाटकी म्हणत. मोलगीच्या घाटात दांडी न धरता तिकिटे फाडणारी मी. ज्या दिवशी पहिल्यांदा दांडी धरली, त्या दिवशी घरी येऊन रडले. नाटकी म्हणणाऱ्यांना मी क्षमा केलेली नाही आणि करणार नाही.

सुरतेच्या डॉक्टरीणबाईंनी समजावले, की ठिपके किती यापेक्षा ते कुठे आहेत हे पाहावे लागते, शिवाय काही बिघाड मशीनला दिसतच नाही. मला लगेच पटले. गाडी रिकामी असली तरी एकच माणूस दारात ठाण मांडून उभा राहिला, की ना कोणाला चढता येते ना उतरता. मशीनला न दिसलेले शोधायचे, तर मेंदू आणि पाठीच्या कण्यातली नस समोर ठेवून फोटोंशी ताडून बघावी लागते. म्हणून मी गेल्यावर ताबडतोब दोन्ही त्यांना द्यावे. उरलेल्या देहाला प्रकाशा गावी तापीकाठी अग्नी द्यावा. माझ्यानंतर येणाऱ्या बाईला कोणी नाटकी म्हणू नये, एवढ्यासाठी हे.

अडचण अशी, की माझ्या एकटीच्या लिहिण्याने भागत नाही. वारसाने नाही म्हटले तर रुग्णालय हात लावत नाही. आणि भूपेंद्र म्हणतो, "डोकाबिगर बहीनले आग देऊ का मी?"

४. पट्टी. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत सूर्यग्रहण लागले. भूपेंद्र माझी एमआरआयची पट्टी उचलून सूर्य बघायला अंगणात निघाला. मी आतून ओरडले, की असल्या पट्टीतून सूर्य बघायचा नसतो, घरात एक डोळा गेला तेवढा पुरे. तो परत आला आणि तीच पट्टी ट्यूबलाइटसमोर धरून पहिल्यांदाच नीट बघू लागला. "ताई, हाऊ इतलासा ठिपका शे, अन् तुले उठता येत नही?" साहेबांचेच वाक्य, पण हा रडत होता. ती पट्टी भूपेंद्रला द्यावी. त्याला घर नाही, पट्टी.

५. ओवाळणी. आज भाऊबीज. भूपेंद्र साडी घेऊन समोर बसला आहे आणि हे सगळे ऐकतो आहे. साडी परत ने. घर देऊन मी सही विकत घेत नाही. घर न देता मागते आहे. ओवाळणी म्हणून खाली संमती लिही, तोवर ताट असेच राहील. मी जागची हलणार नाही. हलता येत नाही, हा भाग वेगळा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही कापरी आहे, पण माझी आहे.

(सही) ममता रतिलाल पाटील

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या:
(सही) रायसिंग वळवी, निवृत्त एस.टी. चालक, शहादा
(सही) डॉ. नवनीत चौधरी, शहादा

शहादा, जि. नंदुरबार
भाऊबीज, २३ ऑक्टोबर २०२५

वारसाची संमती, त्याच्याच हातची:
मी भूपेंद्र रतिलाल पाटील. घराबद्दल माझी तक्रार नाही. कलम तीनला माझी संमती आहे. सुरतेला गाडी मी स्वतः घेऊन जाईन. पन ताई, घाई नको करजो.
(सही) भूपेंद्र