स्क्रूवरचा लाल ठिपका

४ फेब्रुवारी, मंगळवार

महादेवकाका माझी चिठ्ठी वाचतच नाहीत! नव्वद टक्के खात्री आहे.

दातांचा रंग ठरवायला टपाल नाक्यावर त्यांच्या लॅबमध्ये गेले होते. तिथे माझं यंत्र दिसलं – जबड्यासारखी उघडमीट करणारं, ज्यावर ते कवळीचे दात लावतात. मीच घेऊन दिलंय, फक्त माझ्या पेशंटसाठी. दोन्ही बाजूंच्या स्क्रूंवर प्लास्टरची पुटं! महिनोन् महिने कुणी हात लावलेला नाही. स्क्रूवरचा कोनाचा आकडा तीसवर.

मग मी मरमर कोणासाठी करतेय? प्रत्येकाचा एक्स-रे काढायचा, पडद्यावर त्यात कानापुढच्या सांध्याच्या उताराची रेघ काढायची, कोन मोजायचा, चिठ्ठीवर लिहायचा. जबडा पुढे सरकतो तो त्या उतारावरून. यंत्रात तोच उतार लावला नाही तर चावताना कवळी उचलते. इतकं साधं आहे! आणि पुस्तकातल्या तीसवर माझा विश्वास नाही. आतापर्यंतच्या नऊ जणांत एकाचाही तीस आला नाही – अठरा, वीस, सतरा, एकवीस. आपल्याकडच्या लोकांचे सांधे सपाटच असणार. यावर लेख लिहायचाय.

५ फेब्रुवारी

काहीतरी निमित्त काढून पुन्हा लॅबमध्ये. काका चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. अर्धा स्क्रूवर, अर्धा शेजारच्या पट्टीवर. स्क्रू फिरला की ठिपका तुटणार.

संजनाला, माझ्या असिस्टंटला, सांगितलं तर म्हणते, “मॅडम, सरळ विचारा ना त्यांना.” विचारून कोण खरं सांगतं?

१० फेब्रुवारी, सोमवार

नेऱ्याच्या काशिरामांची कवळी तयार झाली. माझ्या चिठ्ठीत एकोणीस. ठिपका अख्खा!!

ओरडले. लॅबमधल्या दोघांसमोर ओरडले. काका हातातली सुरी बाजूला ठेवून म्हणाले, “मॅडम, तुमचा आकडा लय कमी येतो. आमी तीसवर ठेवतो. कुनाची तक्रार हाय काय?”

तक्रार नाही म्हणून काय झालं? पंचवीस वर्षं तेच करताय म्हणून ते बरोबर? सांगून टाकलं – पुढची केस चिठ्ठीप्रमाणे झाली नाही, तर सगळं काम वाशीच्या लॅबला जाईल.

“बरं. तुमी सांगाल तसं,” म्हणाले. फार पटकन म्हणाले. यातही काहीतरी आहे.

११ फेब्रुवारी

आधीच्या आठ जणांना फोन केले. सगळे म्हणतात मजेत आहे. एकजण तर काकडी खातोय. लोक भिडेपोटी खरं बोलत नाहीत. सवय करून घेतली असेल, दुसरं काय!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवी पेशंट – मोऱ्याच्या गुणाबाई. वय सदुसष्ट. उरणच्या बाजारात मासळी विकतात. तोंडात एकही दात नाही, पण आवाज असा की बाहेर बसलेले दोघे चपापले. पहिली कवळी दुसऱ्या कुठून तरी केली होती, ती गिऱ्हाइकाला हाक मारताना टोपलीत पडली! तेव्हापासून बाजारात तोंडावर पदर धरून बसतात. “हसतात गो बाय सगल्या. मी काय हाकच मारू नको?”

यांची कवळी बसायलाच हवी. बाकी कुणाचीही चुकली तरी चालेल, ही नाही.

एक्स-रे काढला. उजवीकडे अठरा, डावीकडे वीस. चिठ्ठीवर आकड्यांखाली लाल पेनाने दोन रेघा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गुणाबाईंची कवळी दिली. आरशात बघून लाजल्या.

२७ फेब्रुवारी

गुणाबाई परत. हिरडीला दोन जखमा. पुढच्या दातांनी चावलं की कवळी मागून उचलते. “दात हसायला झ्याक हायत, खायाला नाय,” म्हणाल्या. चार दिवस पेजेवर आहेत. बाजारात गेल्याच नाहीत.

महादेवकाका! मुद्दाम केलं. ओरडले त्याचा सूड. त्या म्हातारीच्या तोंडावर!

तशीच लॅबमध्ये गेले. यंत्र न विचारता उचललं.

ठिपका तुटलेला. पुटं खरवडून काढलेली, स्क्रूंना तेल दिलेलं. उजवीकडे अठरा. डावीकडे वीस. बरोब्बर. माझी चिठ्ठी यंत्राच्या पायाशी चिकटपट्टीने लावलेली.

यंत्र होतं तिथे ठेवून निघाले.

मग एक्स-रेवाल्याने डोकं तिरकं धरलं असेल? घरी येऊन परत रेघ काढली. परत अठरा आणि वीस. मग चूक आहे कुठे?

३ मार्च, सोमवार

जखमा बघायला गुणाबाईंना बोलावलं होतं. एक्स-रे पडद्यावरच होता. ही रेघ कशाची, म्हणून विचारू लागल्या. म्हटलं, जबड्याच्या सांध्याची.

त्या उठून पडद्याजवळ गेल्या. माझ्या रेघेवर बोट ठेवलं आणि बोट पुढे पुढे नेत राहिल्या. “आगो, ही तर गालावर चालली. सांध्याचं हाड सांध्याशीच रावतं. जन्म गेला माझा मासली कापण्यात, मला नको सांगू.” मग माझं बोट धरून आपल्या कानापुढे ठेवलं आणि तोंड उघडलं, मिटलं. “हितं हलतं. तुझी रेग गालाच्या हाडाची हाय.”

झूम केलं. दोन रेघा आहेत, जवळजवळ एकावर एक. ठळक दिसते ती गालाच्या हाडाची कड – लांब, सपाट. तिच्या मागे पुसटशी, जास्त उताराची – ती सांध्याची. पुसट म्हणून मी तिच्याकडे कधी बघितलंच नाही.

तिचा कोन मोजला. उजवीकडे बत्तीस. डावीकडे एकतीस.

४ मार्च

दहाही एक्स-रे काढून बसले. दहाच्या दहा ठिकाणी मी गालाचं हाड मोजलंय. सांध्यांचे कोन तीसच्या आसपास. नऊ जण पोटभर जेवतात, कारण महादेवकाकांनी माझं ऐकलं नाही. गुणाबाई पेजेवर आहेत, कारण ऐकलं.