मंगळवार, शुक्रवार आणि भरती

२ सप्टेंबर, मंगळवार

गेलो आणि चिखल बघून आलो. बदकांचा मोसम कालच सुरू झाला — आणि पाणी मैलभर लांब! नुसतं राखाडी खाजण, वर एक बगळा. बंड्या शेपूट खाली घालून माझ्याकडे बघतोय, मी बंड्याकडे. का बे, काय करू? भरती मी आणू का?

भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते. ग्वेन सरकत नाही. कौन्सिलने केअरर दिलीय ती मंगळवार आणि शुक्रवार, साडेसहा ते साडेनऊ. त्या तीन तासांत ती माझ्या बायकोला, आसावरीला, उठवते, अंघोळ घालते, भरवते. त्याच तीन तासांत मी कार्डिफमधून गाडी काढायची, सेव्हर्न नदीच्या काठी पोचायचं, बांध उतरायचा, बंदूक चालवायची आणि परत यायचं. उरलेले आठवड्याचे एकशे बासष्ट तास मी घरात. मोजले आज.

ग्वेनची आणि भरतीची पत्रिका महिन्यातून दोनदा जुळली तर नशीब.

५ सप्टेंबर

ग्वेनची गाडी बंद पडली. संपला शुक्रवार.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दोन टील! छोटी बदकं, कबुतरापेक्षा थोडी मोठी, पण उडतात काय! बंड्याने दोन्ही आणली. नऊ वर्षांचा झालाय, मागचे पाय आखडतात, तरी पाण्यात पडला की वय विसरतो. पाखरू तोंडात असं धरतो की एक पीस वाकडं होत नाही.

मागच्या दारातून आत आणलं नाही. गॅरेजमध्येच सोललं, तिथल्याच छोट्या शेगडीवर शिजवलं, उभ्यानेच खाल्लं. हा आसावरीचा नियम, लग्नानंतर चौदा वर्षांनी मी शिकारीच्या क्लबात नाव घातलं तेव्हापासूनचा. "कुत्रा माझा, बदकं तुझी. मेलेलं पाखरू उंबऱ्याच्या आत आलं तर तू उंबऱ्याच्या बाहेर." पुण्याची ती. भंडाऱ्याच्या माणसाला असं तोडून बोलायला तिला फार आवडायचं.

आता कोण बोलणारंय? तरी गॅरेजमध्येच खाल्लं.

२१ सप्टेंबर, रविवार

दहा महिने झाले. गेल्या नोव्हेंबरात सिंकपाशी उभी होती, हातातली वाटी खाली पडली आणि मागोमाग ती. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. एक शब्द राहिला — "नको." चहा? नको. आणि चहा पिते. टीव्ही? नको. बंद केला तरी नको. आधी मी प्रत्येक नकोचा अर्थ लावत बसायचो. आता नाही लावत. डॉक्टर म्हणाले, कितपत समजतं सांगता येत नाही. मला येतं सांगता. समोर बसलेली असते, पण घरात मी एकटा असतो.

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं हिने! आज भरतीच्या वेळांची वही उघडली आणि तशीच मिटली. क्लबची वही ती. वर्षभराच्या वेळा हिवाळ्याच्या घड्याळाप्रमाणे छापतात. इथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, तोवर आपण एक तास मिळवायचा. ऑक्टोबर संपताना घड्याळं मागे गेली की मिळवायचा नाही. एवढं सोपं. पण दर ऑगस्टात ही वही माझ्या हातातून ओढून घ्यायची, लाल पेनाने सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वेळा खोडून बरोबर वेळ लिहायची आणि घड्याळं बदलतात तिथे दोन जाड रेघा मारायची. "तुला बेरीज येते रे, पण कधी थांबायचं ते कळत नाही." शिकारीचा एवढा तिटकारा, पण एक वर्ष चुकवलं नाही.

यंदा वही कोरी. मीच मनात एक मिळवतो.

७ ऑक्टोबर

पाऊस, वारा, ग्वेन वेळेवर, भरती वेळेवर. आणि आसावरीला ताप. गेलो नाही. बंड्या दारापाशी माझ्या लांब रबरी बुटांवर डोकं ठेवून पडला. त्याच्यावर ओरडलो. त्याची काय चूक?

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

आजच्यासारखी सकाळ वर्षातून एकदा मिळते.

वहीत सात, अधिक एक, आठ. अवसेचं उधाण. बांध उतरलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. पाणी चिखलाच्या फाट्यांमधून आत शिरायला लागलं, चुळूचुळू, आणि वरून विजन आली — ही बदकं शीळ घालतात, पोरं रस्त्यात कोणाला हाक मारतात तशी. पन्नासेक असतील! मी बार काढला नाही. बघतच राहिलो. बंड्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं: म्हाताऱ्या, झोपलास का? मग एक पाडलं. त्याने पोहत जाऊन आणलं, अंग झाडलं, मी नखशिखान्त भिजलो आणि मोठ्याने हसलो. स्वतःचंच हसू ऐकून दचकलो.

तिथे मला कोणी हाक मारत नाही. तेवढ्यासाठी जातो मी. बदकं हे निमित्त.

घरी आलो, पणती लावली. आसावरीच्या कपाळाला कुंकू लावलं. "नको." मालविकाचा साउथहॅम्प्टनहून फोन. "हॅपी दिवाळी बाबा! तुमचा तब्येत कसा आहे?" पोरगी हॉस्पिटलात कन्सल्टंट झाली, तब्येतीला अजून बाई करता येत नाही. बरा आहे म्हटलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं एक तास मागे. ओव्हनचं, गाडीतलं, तिच्या उशाशी असलेलं — सगळी फिरवली. लोक म्हणतात, एक तास जास्तीचा मिळतो. मला कशाला हवाय?

६ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या जायचंच. कालची पौर्णिमा, वर्षातलं मोठं उधाण. टेबलाशी वही घेऊन बसलो, मोठ्याने वाचत — हल्ली सगळं मोठ्यानेच बोलतो, घरात आवाज असावा म्हणून. "आठ दहा. अधिक एक. नऊ दहा. म्हणजे आठपर्यंत आरामात बसता येईल."

तर ही सुरू झाली. "नको! नको नको नको!" डाव्या हाताने टेबल बडवतेय, चहा वहीवर सांडला. माझं डोकंच फिरलं. ओरडलो तिच्यावर. "आठवड्यातले सहा तास गं! तेही नकोत? बसून राहू का तुझ्यासमोर मरेपर्यंत?"

तिने डोळे मिटून घेतले. बंड्या तिच्या खुर्चीखाली जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून.

वही पुसून फ्रिजशेजारच्या खिळ्याला अडकवली. तरी जाणार.

७ नोव्हेंबर

वाचलो. उद्या लिहीन.

८ नोव्हेंबर, शनिवार

लिहितो आता.

सव्वासातला खाजणाच्या पुढच्या टोकाला होतो. मनात हिशोब — पाणी यायला अजून तास आहे. बंड्या उठून उभा. खाली बस म्हटलं. बसेना. मागे वळून कुंई कुंई करतोय. मी वळून बघितलं तर ज्या फाट्यातून आलो तो भरलेला! घोट्याएवढा असायला हवा होता. धावलो. चिखलात धावता येत नाही. पोचेपर्यंत छातीएवढं पाणी, तपकिरी, घोड्यासारखं धावणारं. जुने लोक सांगतात, भरलेल्या फाट्यात उतरायचं नाही, उंचवटा शोध आणि उभा राहा. शोधला. उभा राहिलो.

घोटे. गुडघे. मांड्या. बंदूक काठीसारखी चिखलात रोवली आणि तिला धरून राहिलो. पंचवीस वर्षं जपलेली बंदूक! बंड्याला छातीशी धरलं. तीस किलोचा बाप्पा! त्याला बांधापर्यंत पोहता आलं असतं. ढकललं त्याला, शिव्या घातल्या. "जा बे! जा आईकडे!" गोल फिरून परत आला.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. पाणी कमरेला लागलं तेव्हा क्षणभर बरं वाटलं. उद्या सकाळी उठायचं नाही, गोळ्या मोजायच्या नाहीत, नको ऐकायचं नाही. क्षणभरच. मग बंड्या थरथर कापायला लागला आणि मला माझीच लाज वाटली.

कमरेवर वीतभर आलं आणि थांबलं. उतरायला लागलं. फाटा ओलांडता आला तेव्हा दहा वाजले होते. फोन पाण्यात मेलेला.

घरी पावणेअकरा. ग्वेन साडेनऊला गेली होती. पुढच्या घरी एक आजोबा तिची वाट बघत असतात. आसावरी सव्वा तास एकटी. चाकाची खुर्ची एका हाताने ढकलत स्वयंपाकघरात आली होती. कपडे ओले. रडत होती. मांडीवर ती वही, खिळ्यावरून ओढून काढलेली. मला बघितलं आणि वहीवर मूठ आपटायला लागली. "नको! नको!"

कळलं बाई. जाऊ नको. बरोबर होतं तुझं.

९ नोव्हेंबर, रविवार

एक मिळवायचा नव्हता! घरातली सगळी घड्याळं फिरवली आणि डोक्यातलं राहिलं. भरती नऊ दहाची नव्हतीच, आठ दहाचीच होती. पंचवीस वर्षं हे मला एकदाही लक्षात ठेवावं लागलं नाही, म्हणून लक्षात ठेवताही आलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मालविका आली. आईशेजारी बसून बोलली, पण बोलली माझ्याशी. "बाबा, this is not safe. तुम्ही दोघंपण." तिच्या घरापासून दहा मिनिटांवर एक नर्सिंग होम आहे. जानेवारीत खोली रिकामी होतेय. मी म्हटलं, तिला परक्या ठिकाणी... तर म्हणाली, "बाबा, आईला कळणार पण नाही ती कुठे आहे. And you'll get your life back."

माझं आयुष्य परत. पोस्टाने येतं का ते?

पण खोटं कशाला लिहू? ऐकून छाती मोकळी झाली.

२३ नोव्हेंबर, रविवार

फॉर्म भरला. सोळा पानं! मालविका फोनवर, मी टेबलाशी, प्रश्न मोठ्याने वाचत. स्वतः जेवते का? मदतीने. रात्री उठते का? हो. बोललेलं समजतं का? मालविका म्हणाली, "No लिहा बाबा. त्यांना staff जास्ती ठेवावा लागेल, it's better." नाही वर खूण केली. सही केली.

आसावरी समोरच होती. खिडकीबाहेर बघत. चहा विचारला. नको. खरंच प्यायली नाही.

पाच जानेवारी ठरली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

क्लबकडून पुढच्या वर्षीची भरतीची वही आली. काय करायचीय? रिसायकलिंगच्या डब्यात टाकली.

२ डिसेंबर, मंगळवार

बंदूक दुकानात देऊन आलो. नळीत चिखल, पाणी, गंज. दुकानदार म्हणाला, दुरुस्त होईल. म्हटलं, ठेवून घे.

तिथून बांधावर गाडी लावून बसलो, बंड्या शेजारच्या सीटवर. विजन शीळ घालत गेली. बंड्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

९ डिसेंबर

परत बांधावर. ग्वेन आहे तोवर घरात थांबवत नाही. आज लवकर आलो तर ग्वेनने टेबलावरचं काहीतरी झटकन आपल्या पिशवीत टाकलं. काय ते विचारलं नाही. चोरण्यासारखं आहे काय आमच्याकडे?

१६ डिसेंबर

तिच्या साड्या कुठल्या पाठवायच्या? होममध्ये साडी नेसवणारं कोणी नाही. सगळ्या परत कपाटात ठेवल्या. बंड्या तिथे चालत नाही, विचारलं होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ग्वेन जाता जाता दारात थांबली. पिशवीतून वही काढून हातात दिली. पुढच्या वर्षीची. मी टाकलेली! "तिने डब्याकडे बोट दाखवून मला काढायला लावली. तुझ्या गाडीचा आवाज आला की लपवायला लावायची. आज म्हणाली — म्हणजे बोटाने — आता दे त्याला."

सप्टेंबर उघडला. लाल पेन. डाव्या हाताने काढलेले, पहिलीतल्या पोरासारखे वाकडेतिकडे आकडे. छापलेली वेळ खोडून, एक मिळवून. रोजच्या नाहीत. फक्त मंगळवार आणि शुक्रवार. सोळा आकडे. पुढच्या वर्षी घड्याळं बदलतील त्या पंचवीस ऑक्टोबरला दोन जाड रेघा, कागद फाटेपर्यंत ओढलेल्या.

कागद-पेन्सिल घेऊन सगळे तपासले. एकही चुकलेला नाही. त्या गुरुवारचं नको माझ्या 'अधिक एक'ला होतं, जाण्याला नव्हतं.

आणि तो फॉर्म मी तिच्यासमोर बसून, मोठ्याने वाचत भरला.