मळखाऊ रंग नको

आई, मागच्या रविवारी माझ्या हॉलच्या भिंतीवर रंगाऱ्याने नमुन्याचे दोन चौकोन मारले, एक बदामी आणि एक पिवळा. पिवळा म्हणजे अगदी ओल्या हळदीचा. रंगारी म्हणाला, "मॅडम, बादामी ले लो, दाग नहीं दिखेगा." शेजारच्या गुजराती काकी डोकावल्या, "पीला तो बहुत भडक लगेगा, बेन." आणि अजून आपल्या जुन्या चाळीतच राहणाऱ्या दादाने फोनवर निकालच देऊन टाकला, "आई असती तर बदामीच घेतला असता. मळखाऊ आहे." झालं! माझं डोकंच फिरलं.

मळखाऊ! या एका शब्दाने माझं अख्खं लहानपण खाल्लं. चादरी मळखाऊ, पडदे मळखाऊ, वेणीची रिबनसुद्धा चॉकलेटी. दिवाळीच्या खरेदीला दादरच्या दुकानात मी पिवळ्या फ्रॉकला हात लावतेय आणि तू दुकानदाराला सांगतेयस, "तो नको, मळखाऊ दाखवा काहीतरी." मी भोकाड पसरते. तू दंडाला चिमटा काढतेस, दातओठ खात म्हणतेस, "धुणार कोण? तू?" घरी आला तो मातकट फ्रॉक, तोही वाढत्या अंगाचा, म्हणजे पुढच्या दिवाळीलाही तोच.

कळतं गं मला. मजल्यावर एकच नळ, सहा माणसांचं धुणं, सोड्याने सोललेली तुझी बोटं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तू स्वतःच मळखाऊ होऊन बसलीस, त्याचं काय? आजी टोचून बोलली, गिळलंस. बाबा भरल्या ताटावरून उठले, गिळलंस. तुझ्यावर कधी काही दिसलंच नाही. दुखणंसुद्धा डॉक्टरांना दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी नाही हं तशी जगणार! जेसल पार्कातलं हे घर माझं आहे, दारावर माझ्या एकटीचं नाव आहे. पडू देत डाग, दिसू देत चारचौघांना. पुसला तर पुसेन, नाहीतर पुन्हा रंगवीन. रंगाऱ्याला सांगितलं, "पीला. पूरा हॉल पीला." तो म्हणाला, "एक बार सोच लो, मॅडम." म्हटलं, "सोच लिया."

आता भिंती सुकल्यात. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन आलं की हॉल असा काही उजळतो, काय सांगू! काकींनी "अच्छा लगता है हं" म्हणून कबूल केलं. दादा येऊन बघून गेला, "बरा दिसतोय गं" म्हणाला. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुला सांगते. मला कुणाचं 'छान' नकोच होतं. तू दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायला हवी होतीस, "शी! हा कसला मेला रंग!" म्हणत. मी भांडायची सगळी तयारी करून बसलेय गं.