चार रिकाम्या पिना

आई, कॉम्प्युटरमधला आवाज नक्की कुठे अडकलाय हे तू माउसला हातही न लावता कसं शोधलंस, याचं मला अजून कुतूहल आहे. तुला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी कॉम्प्युटर शिकवते, बिघडलेले दुरुस्तही करते, पण त्या आठवड्यात तू जसे प्रश्न विचारलेस तसे मला आजही पटकन सुचत नाहीत.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले होते आणि आपल्या डोंबिवलीच्या घरात, तुझ्या शिलाई मशीनशेजारी, सुटे भाग जोडून घेतलेला कॉम्प्युटर आला होता. ठाण्याच्या ज्या कारखान्यात तू अठरा वर्षं टेपरेकॉर्डर तपासलेस, तो बंद होऊन बराच काळ लोटला होता. तिथली तुझी मैत्रीण, कोळीवाड्यातली मावशी, तुझ्याच लाइनवर सोल्डरिंग करायची. त्या रविवारी दुपारी ती आली ती पिशवीत सुकटीची पुडी आणि एक डिस्क घेऊन. टेप तपासताना तुम्ही बायका त्यात दोन-दोन वाक्यं बोलायच्यात. तसली एक कॅसेट तिने इतकी वर्षं जपली होती. ती घासत चालली म्हणून एका दुकानातून मावशीने तिची डिस्क करून आणली होती. घरी तिच्याकडे ती वाजवायला काही नव्हतं. "तुझा पण आवाज हाय यात," ती तुला म्हणाली. "आपल्या सगल्यांचा."

मी डिस्क घातली. स्क्रीनवर सेकंदांचे आकडे पुढे सरकायला लागले, आणि आवाज काहीच नाही. आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत होतो. तू मात्र आमच्या तोंडांकडे बघतेयस, एकदा माझ्या, एकदा मावशीच्या, हे मला आत्ता लिहितानाही दिसतंय. मग तू हळूच तिला विचारतेस, "तुला येतंय का गं ऐकू?" मावशी म्हणते, "नाय गो, मना बी काय आयकाला येत नाय." आणि तुझे खांदे खाली येतात. मला वाटलं, तू निराश झालीस.

मग मी माझं ज्ञान दाखवलं. आवाजाच्या सगळ्या पट्ट्या वर सरकवल्या, कुठे आवाज बंद केल्याची खूण आहे का पाहिली, स्पीकरची वायर काढून परत लावली. एक गेम लावला, तर त्याचा आवाज खणखणीत. पुन्हा डिस्क लावली, पुन्हा काही नाही. झालं, मी निकाल देऊन टाकला. "मावशी, डिस्कच खराब आहे. दुकानदाराने कोरीच दिलीय तुम्हाला." मावशीने डिस्क पदराने पुसली, कव्हरात घातली, आणि चहा अर्धा ठेवून उठली. तू ती डिस्क तिच्या हातातून काढून घेतलीस. "आठवडाभर राहू दे माझ्याकडे," एवढंच म्हणालीस.

दार लागल्यावर तू माझ्याकडे वळलीस. "अठरा वर्षांत मी एक सेट न तपासता नापास केला नाही. तू चार मिनिटांत केलास, आणि तोही तिच्या तोंडावर." आवाज चढवला नव्हतास, पण मी तुझ्यावरच चिडले. कॉम्प्युटर म्हणजे टेपरेकॉर्डर नव्हे, असं काहीतरी पुटपुटले. तू ते मनावर घेतलं नाहीस, की तुला ते ऐकूच गेलं नाही, कोण जाणे.

सोमवारी मी कामावरून आले तर तू खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली होतीस. बंद कॉम्प्युटरसमोर. "गेमचा आवाज येतो, म्हणजे स्पीकर पास," तू म्हणालीस. "आकडे पुढे जातात, म्हणजे डिस्क फिरतेय आणि वाचलीही जातेय. ती कोरी असती तर आकडे गेले असते का?" मी म्हटलं, नसते गेले. हे मला काल का सुचलं नाही, याची लाज वाटली. "मग या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे. डिस्क घालायच्या खणाला हे भोक कशाला दिलंय?" ते हेडफोनचं भोक होतं. शेजारी आवाज कमी-जास्त करायची बारकी चकती. मी ते रोज बघायचे आणि कधीच वापरलं नव्हतं. आपण वॉकमनचा हेडफोन आणून तिथे खुपसला. तू तो स्वतःच्या कानाला न लावता माझ्याकडे दिलास. "तू ऐक आधी."

आई, आवाज होता. खरखर, मग एक तरुण बाई, "एक, दोन, तीन, चार, सेट बरा आहे, आज कँटीनचा वडा बरा नाही." मागे हसण्याचा कल्लोळ. मी म्हटलं, "अगं, ही तू आहेस." तू हेडफोन घेतलास, चकती टोकापर्यंत फिरवलीस, आणि फक्त डावी बाजू कानाशी दाबून धरलीस. उजवी तशीच गळ्याशी लोंबत राहिली. तुझा उजवा कान गेलाय, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. रोज आठ तास ज्या कानाला तू तपासणीचा आवाज लावून बसायचीस, तो हाच. मी विचारलं, तशी तू म्हणालीस, "दोनेक वर्षं झाली. काल वाटलं, डावाही गेला. तिला ऐकू येत नाही म्हटल्यावर हायसं वाटलं मला. मैत्रिणीची वस्तू वाजत नाही आणि मला बरं वाटतंय." त्या खाली आलेल्या खांद्यांचा अर्थ मी सपशेल चुकीचा लावला होता.

मग तू कॅबिनेट उघडायला लावलंस. मी प्लग काढला, स्क्रू काढले. आतली वायरची रुंद पट्टी दाखवून मी म्हटलं, सगळं यातूनच येतं. तू बॅटरी मारून त्या खणाच्या पाठीमागे बघत राहिलीस. "सगळं यातूनच येतं, तर या चार पिना रिकाम्या का?" त्यांच्याखाली बारीक अक्षरं होती, एल, जी, जी, आर. "डावा, अर्थिंग, अर्थिंग, उजवा," तू म्हणालीस. "आपल्याकडे पण असंच असायचं." साउंड कार्डावरही तशाच चार पिना उघड्या होत्या. मधली वायरच कोणी लावली नव्हती. गेमचा आवाज वेगळ्या वाटेने यायचा, डिस्कवरच्या गाण्या-बोलण्याचा या वाटेने, आणि वाटच नव्हती.

मी म्हटलं, उद्या क्लासवरून येताना वायर आणते, कुठेही मिळेल. तू नको म्हणालीस. "तिला बोलाव. तिच्या हातची करू."

पुढच्या रविवारी मावशी आली, जरा अवघडूनच. तू काही समजावलं नाहीस, नुसत्या त्या पिना दाखवल्यास. तिने चष्मा चढवला, आपल्या जुन्या टेपमधली वायर आणि दोन पिनपट्ट्या मागून घेतल्या. निरोपात सांगितल्याप्रमाणे सोल्डरिंग आयर्न ती घरूनच घेऊन आली होती. खिडकीशी बसून तिने एकेक टाका दिला, फुंकर घातली, ओढून बघितला. मी म्हटलं, "मावशी, चूक माझी होती. डिस्क चांगली आहे." ती मान वर न करता म्हणाली, "ते मना ठाऊक व्हतं गो. मी दुकानात आयकूनच घेतली व्हती."

मग त्या दिवशी बोलला का नाहीत, असं मी विचारलं नाही. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मुलीसमोर ती गप्प बसली, एवढं मला समजलं.

वायर लागली आणि खोलीभर तुम्ही सगळ्या बोलायला लागलात. मावशी आणि तू पलंगावर शेजारी शेजारी बसलेल्या. कुणी डब्यात काय आणलंय ते सांगतेय, कुणी सुपरवायझरची नक्कल करतेय. मावशी डोळे पुसत हसत होती. तू डावा कान तिच्या तोंडाशी नेऊन विचारत होतीस, ही कोण, ती कोण, आणि ती नावं सांगत होती. त्यातली एक वारली होती. तिचं वाक्य मावशीने तीनदा लावायला सांगितलं. तुला त्यातलं किती ऐकू आलं? मी ओळखायचा प्रयत्न करत होते. तू कधी तिच्याबरोबरच हसायचीस, कधी तिच्या मागून.

कानाच्या डॉक्टरकडे मी तुला त्याच महिन्यात नेलं, हे तुला आठवत असेल. यंत्र घ्यायला तू मात्र पुढे वर्षभर टाळाटाळ केलीस, आणि मीही फारसा आग्रह धरला नाही. त्याचं कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही. पुढे जो तुझा जावई झाला, त्याचा तेव्हा संध्याकाळी फोन यायचा, आणि त्याच्याशी बोलताना मी रिसीव्हर घेऊन मुद्दाम तुझ्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहायचे.